आम्हाला व्यायामाला कुणी पाठवलंच नाही

प्रति,
हृदयरोग विभागाचे प्रमुख, विभागातील सर्व डॉक्टर आणि रुग्णालयाचे व्यवस्थापन यांस,

गेल्या सोमवारी सकाळी नेहमीप्रमाणे हृदय-पुनर्वसन कक्षापाशी, म्हणजे हृदयरुग्णांना देखरेखीखाली व्यायाम देतात त्या खोलीपाशी आले, तर दाराला एक कागद चिकटवलेला होता. पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून हा कक्ष बंद होत आहे, जागा इतर तपासण्यांसाठी वापरली जाईल, रुग्णांनी नोंद घ्यावी. कारण एका ओळीत दिलं होतं: रुग्णांचा अल्प प्रतिसाद.

तो कागद मी तीनदा वाचला. शेजारी एक काका उभे होते, सत्तरी ओलांडलेले, हातात रुमाल आणि व्यायामाची वही. त्यांनी विचारलं, "ताई, मग आपण आता जायचं कुठे?" मला काही सांगता आलं नाही. म्हणून हे पत्र लिहिते आहे, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. जगात अंदाजे ६ कोटी ४० लाख लोक हार्ट फेल्युअर, म्हणजे हृदयाचा पंप कमी पडण्याचा आजार, घेऊन जगतात. काकांनी मला विचारलं ते त्यांच्यापैकी पुष्कळांनी कधी विचारलेलंही नसेल, कारण असा कक्ष असतो हेच त्यांना ठाऊक नाही.

आधी माझं सांगते. मी छप्पन वर्षांची आहे. तीन वर्षांपूर्वी रात्री आडवं झालं की श्वास कोंडायला लागला. तीन उशा लावून बसल्या बसल्या झोपायचे. नडगीवर बोट दाबलं की खड्डा तसाच राहायचा. इको झाला, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. पंपिंग, म्हणजे दर ठोक्याला हृदय आतल्या रक्तापैकी किती बाहेर ढकलतं तो आकडा, २५ टक्के निघालं; निरोगी माणसाचं निम्म्याहून जास्त असतं. रक्तवाहिन्यांत अडथळा नव्हता, हृदयाचा स्नायूच ताणला जाऊन कमजोर झाला होता. अकरा दिवसांनी घरी सोडलंत. तुमच्या उपचारांनी मी वाचले, हे मी कधी विसरणार नाही आणि या पत्रातली एकही ओळ ते विसरून लिहिलेली नाही. डिस्चार्ज कार्डवर औषधांच्या सात ओळी होत्या, पाणी किती, मीठ किती, फॉलोअप कधी, सगळं होतं. आणि तळाशी चार शब्द: विश्रांती घ्या, श्रम टाळा.

मी ते अक्षरशः पाळलं. घरच्यांनी माझ्याहून जास्त पाळलं. मी उठले की नवरा म्हणायचा, "अगं, तू बस. काय हवंय ते मला सांग." भरलेली कळशी राहू दे, पाण्याचा तांब्या उचलला तरी मुलगा धावत यायचा, "आई, दे इकडे. तुला सांगितलंय ना?" त्यांच्या मायेत काही खोट नव्हती. तुमच्या कार्डावरच्या त्या चार शब्दांना ती माणसं घाबरून धरून बसली होती.

साडेचार महिन्यांनी पुन्हा इको झाला. औषधांनी काम केलं होतं. सूज गेलेली, वजन स्थिर, पंपिंग ३५. डॉक्टर खूश झाले. मी मात्र स्टुलावरून उठताना भिंतीला हात लावत होते. आंघोळ झाली की अर्धा तास पडून राहावं लागायचं. मांड्या इतक्या उतरल्या होत्या की जुने कपडे पायांवर लोंबायचे. घरच्या जिन्याला एकोणीस पायऱ्या आहेत, त्यात माझे दोन थांबे ठरलेले. मी विचारलं, "डॉक्टर, पंपिंग वाढलं, मग मला चालवत का नाही?" उत्तर आलं, "हार्टचा आजार आहे, थोडं होणारच. जपून राहा."

हे "थोडं होणारच" दीड वर्ष चाललं. कक्ष त्याच इमारतीत होता, इकोच्या खोलीमागच्या व्हरांड्यात. त्या दारासमोरून मी कितीदा गेले असेन. आत जा असं मला तुमच्यापैकी एकानेही सांगितलं नाही. सांगितलं ते इकोच्या रांगेत शेजारी बसलेल्या एका बाईंनी. त्यांची बायपास झाली होती. "तुम्ही मागे व्यायामाला येत नाही का?" त्यांनी सहज विचारलं, आणि मला वाटलं त्या माझी दुसऱ्या कुणाशी तरी गल्लत करताहेत. हार्ट फेल्युअरच्या माणसाने व्यायाम?

त्या खोलीत फार काही नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. दोन सायकली, एक ट्रेडमिल, पाठ असलेल्या खुर्च्या, हलके डंबेल, भिंतीवर ६ ते २० आकड्यांचा श्रमाचा तक्ता, किती श्रम वाटताहेत ते आकड्यात सांगण्यासाठी. बाहेर व्हरांड्यात ३० मीटरवर फरशीला चिकटवलेली पिवळी पट्टी आणि दोन्ही टोकांना एकेक शंकू. पहिल्या दिवशी फिजिओने मला तिथे उभं केलं. सहा मिनिटं या दोन शंकूंमध्ये येरझाऱ्या घालायच्या, धावायचं नाही, थांबावंसं वाटलं तर थांबायचं, घड्याळ मात्र चालूच राहणार. दर मिनिटाला ती ठरलेल्या शब्दांत, ठरलेल्या आवाजात सांगायची, "छान चाललंय. अजून चार मिनिटं आहेत." माझी नजर फक्त त्या पिवळ्या पट्टीवर. एकदा भिंतीला टेकून थांबले. आकडा आला २४० मीटर.

आठवड्याला तीन याप्रमाणे छत्तीस वेळा गेले. आधी पाच पाच मिनिटं सायकल आणि मध्ये विश्रांती, मग हळूहळू सलग वीस मिनिटं. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं. भिंतीला धरून टाचा उचलणं. बारा आठवड्यांनी त्याच व्हरांड्यात ३८५ मीटर, एकदाही न थांबता. त्याच सुमारास इको झाला होता, पंपिंग तेच ३५. इकोत एक टक्काही फरक नव्हता आणि घरी मी एकोणीस पायऱ्या एका दमात चढत होते.

हे घडतं कसं, हे मी तुम्हाला शिकवायला नको. पण हे पत्र घरी बसलेली माणसंही वाचणार आहेत, म्हणून थोडं सांगते. हृदयाचा पंप कमजोर झाला की स्नायूंना रक्त कमी मिळतं, माणूस बसून राहतो आणि स्नायू झडतात. जे उरतात त्यांची रक्तातला प्राणवायू ओढून वापरायची ताकद घटते, ते लवकर थकतात. थकलेले स्नायू श्वासही वाढवतात, म्हणून धाप लागते. धापेला घाबरून माणूस आणखी बसतो. या फेऱ्यातला बराचसा भाग पायांत असतो, आणि पायांना अजूनही शिकवता येतं. इकोतलं पंपिंग आणि माणूस किती चालू शकतो यांचा मेळ फार कमी बसतो, हे तुमच्या शास्त्राला १९८० च्या दशकापासून माहीत आहे. त्याआधी या आजारात व्यायाम निषिद्धच मानत, अंथरुणाला खिळून राहणं हा उपचार होता. पुढे १९८८ आणि १९९० मध्ये लहान लहान गटांवर झालेल्या अभ्यासांनी दाखवलं की स्थिर झालेल्या रुग्णांना बेताचा व्यायाम झेपतो आणि त्यांची क्षमता वाढते. त्याला तीन दशकं उलटून गेली. माझ्या कार्डावरचे चार शब्द मात्र त्याही आधीचे.

विश्रांती निरुपद्रवी असते असं आपण धरून चालतो. १९६६ साली अमेरिकेत डॅलसला विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणात ठेवलं होतं. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली. तीस वर्षांच्या वयाने त्यांच्या शारीरिक क्षमतेचं जेवढं नुकसान केलं होतं, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांनी केलं होतं. ते निरोगी होते. मला तुम्ही मुदत न घालता विश्रांती लिहून दिली होती.

आता तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार त्या कागदावरच्या दोन शब्दांची आहे. अल्प प्रतिसाद. प्रतिसाद हा हाकेला असतो. हाक कुणी मारली होती? मी ओपीडीच्या बाकावर बसून हार्ट फेल्युअरच्या चौदा रुग्णांना विचारलं. कक्षाबद्दल ऐकलेले दोघे निघाले, आणि त्या दोघांनाही डॉक्टरांनी सांगितलेलं नव्हतं. हे फक्त तुमच्याकडे घडतं असं नाही. अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या नोंदी सांगतात की हार्ट फेल्युअरसाठी भरती झालेल्या आणि पुनर्वसनाला पाठवण्याजोग्या रुग्णांपैकी घरी सोडताना जेमतेम दहातल्या एकाला पाठवलं गेलं. युरोपच्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत आणि अमेरिकेतल्या संघटनांनी २०२२ च्या सूचनांत, ज्यांना झेपेल अशा हार्ट फेल्युअरच्या रुग्णांना व्यायाम द्यावा ही शिफारस सर्वांत वरच्या श्रेणीत ठेवली आहे. औषधांच्या शिफारशी तुम्ही त्याच पुस्तकातून घेता, आणि माझ्या फायलीत त्या काटेकोर पाळलेल्या दिसतात. मग त्याच पुस्तकातली ही शिफारस का गळते? गोळी लिहायला विसरलात तर ती चूक ठरते. व्यायाम लिहायला विसरलात तर तो रुग्णाचा अल्प प्रतिसाद ठरतो. हे मला मान्य नाही.

दुसरी तक्रार अशी की तुम्ही हृदय मोजता, माणूस मोजत नाही. तीन वर्षांत माझे सात इको झाले. सहा मिनिटांची चाल मोजली गेली ती फक्त त्या मागच्या खोलीने. ओपीडीत विचारतात, "दम लागतो का?" मी म्हणायचे, "नाही." खरंच लागत नव्हता, कारण दम लागेल असं मी काही करतच नव्हते. असा प्रश्न विचारून तुमच्या हाती काय येणार? ही चाल साधी असली तरी तिचा आकडा पुष्कळ सांगतो. हार्ट फेल्युअरच्या रुग्णांवरचा १९९३ साली प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास आहे. त्यात सहा मिनिटांत ३०० मीटरही चालू न शकलेल्यांपैकी सरासरी आठ महिन्यांच्या काळात १० टक्क्यांहून जास्त दगावले, ४५० मीटर किंवा अधिक चालणाऱ्यांपैकी सुमारे ३ टक्के. माझा आकडा २४० होता. तो दीड वर्ष कुणी घेतलाच नव्हता.

गंमत म्हणून सांगत नाही, मनापासून विचारते. हृदय प्रत्यारोपणाची वेळ आली की तुम्हीच माणसाला सायकलवर बसवता, तोंडाला मास्क लावता आणि त्याचं शरीर दर किलो वजनामागे मिनिटाला जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं ते मोजता. १९९१ च्या प्रसिद्ध अभ्यासात हा आकडा १४ मिलिलिटरच्या वर असलेले ९४ टक्के रुग्ण प्रत्यारोपण न होताही वर्षभरानंतर जिवंत होते. त्यावरूनच ती सीमारेषा आली. पुढे बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके मंद ठेवणारं औषध, घेणाऱ्यांसाठी ती १२ वर आणली गेली. म्हणजे नवं हृदय कुणाला आधी द्यायचं, इतका मोठा निर्णय घेताना माणसाच्या शारीरिक क्षमतेला तुम्ही मान देता. मग माझ्यासारखीला तिसऱ्या महिन्यात तीच गोष्ट साध्या चालण्याने मोजून द्यायला काय हरकत होती?

तिसरी तक्रार लिहायला जड जाते आहे. "पुढे काय?" या प्रश्नाचं उत्तर तुम्ही देत नाही. भरती असताना माझ्या नवऱ्याने व्हरांड्यात एका तरुण डॉक्टरांना गाठून विचारलं होतं. ते म्हणाले, "या आजारात साधारण निम्मे लोक पाच वर्षं काढतात." एवढं बोलून ते राऊंडला गेले. नवऱ्याने ते माझ्यापासून सव्वा वर्ष लपवलं. त्या सव्वा वर्षात मी पायावर उभी राहिले की तो दचकायचा, ते का, हे मला नंतर कळलं. तो आकडा खोटा नाही. पण तो सगळ्यांचा मिळून आहे, त्यात ऐंशीच्या पुढचे आहेत, मूत्रपिंड आणि फुप्फुसं बिघडलेले आहेत, आजची चार प्रकारची औषधं एकत्र न मिळालेले आहेत. माझ्यासाठी तो आकडा कुठे झुकतो, हे सांगणाऱ्या गोष्टींत वय, रक्ताच्या तपासण्या, मूत्रपिंडाचं काम हे सगळं आहे, आणि मी किती चालते हेही आहे. यातल्या बहुतेक गोष्टी माझ्या हातात नाहीत. चालण्याची थोडीफार आहे. भीती दाखवणारा आकडा सांगितलात, हाती असलेली गोष्ट मात्र सांगितली नाहीत.

इथे मला प्रामाणिक राहायला हवं. व्यायामाने आयुष्य नक्की वाढतं, असं मी म्हणणार नाही, कारण पुरावा तसं म्हणत नाही. या विषयावरच्या सगळ्यात मोठ्या चाचणीचा निकाल २००९ मध्ये आला. २,३३१ रुग्ण, पंपिंग ३५ टक्के किंवा कमी, औषधं व्यवस्थित चालू. निम्म्यांना छत्तीस वेळा देखरेखीखाली व्यायाम आणि पुढे घरी, बाकीच्यांना नेहमीचे उपचार. मृत्यू किंवा रुग्णालयात भरती हे एकत्र धरलं तर सरळ तुलनेत फरक लहान निघाला आणि निर्विवाद ठरला नाही. आजाराची तीव्रता वगैरे आधीच ठरवलेले घटक हिशेबात घेतल्यावर धोका ११ टक्क्यांनी कमी दिसला. व्यायाम सुरक्षित ठरला आणि रुग्णांना स्वतःची तब्येत बरी वाटली. त्यातही सांगितला तितका व्यायाम करणारे निम्म्याहून कमी होते. त्याच माहितीच्या पुढच्या अभ्यासात दिसलं की ज्यांची क्षमता ६ टक्क्यांनी वाढली, त्यांचा धोका ५ टक्क्यांनी कमी होता. त्यानंतर अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा रुग्णालयाच्या वाऱ्या कमी झाल्या आणि रोजचं जगणं सुधारलं, हे पुन्हा दिसलं.

माझ्यासारखीला यातलं शेवटचं वाक्य पुरेसं आहे. किती वर्षं, हे मला कुणी सांगू शकत नाही. पण त्या वर्षांत स्वतःची आंघोळ स्वतः करून पुढे दिवसभरासाठी अंगात त्राण उरतं की नाही, हा प्रश्न माझ्यासाठी लहान नाही.

चौथी तक्रार "जपून" या शब्दाची. जपून म्हणजे किती? हा शब्द माझ्यासारख्या घाबरटाला खिळवून ठेवतो आणि एखाद्या धाडसी माणसाला काहीच अडवत नाही. त्या कक्षात मला नेमकं सांगितलं गेलं. बीटा ब्लॉकर चालू असताना नाडी फारशी वाढत नाही, तेव्हा मनगटावरच्या घड्याळावर विसंबायचं नाही, श्रमाच्या तक्त्यावर ११ ते १३ च्या आसपास राहायचं. चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. रोज सकाळी वजन करायचं, तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर व्यायाम थांबवून फोन करायचा. छातीत दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, बसल्या जागी धाप लागली तर त्या दिवशी काही नाही. छातीत शॉक देणारं यंत्र बसवलेल्यांना ते किती ठोक्यांवर शॉक देतं ते माहीत हवं आणि व्यायामात ठोके त्याच्या १० ते २० खाली राहायला हवेत. आजार उसळलेला असताना, झडप फार अरुंद झालेली असताना, ठोक्यांची लय ताब्यात नसताना किंवा हृदयाच्या स्नायूला दाह असताना व्यायाम करायचाच नाही. हे सगळं सांगायला फिजिओला पंधरा मिनिटं लागली. दीड वर्षाच्या ओपीडीत मला ती पंधरा मिनिटं मिळाली नाहीत. तुमच्यापुढची रांग मी पाहते, दोष एकट्या डॉक्टरचा नाही हेही समजते. म्हणूनच ती खोली हवी आहे.

आणखी एक, थोडक्यात. कक्षात मी एकटीच बाई असायचे, असे कितीतरी दिवस गेले. म्हाताऱ्यांना तर पाठवतच नाहीत, "या वयात काय व्यायाम" म्हणून. अमेरिकेतल्या ३४९ वयस्कर रुग्णांवरच्या एका चाचणीचा निकाल २०२१ मध्ये आला. आजार उसळून नुकतेच भरती झालेले, सरासरी वय बहात्तरच्या पुढे, जवळपास सगळे अशक्त किंवा अशक्तपणाच्या उंबरठ्यावर. तोल सांभाळणं, खुर्चीतून उठणं, चालणं, ताकद अशा सगळ्या अंगांनी त्यांना तयार केलं. तीन महिन्यांनी हालचालींच्या १२ गुणांच्या चाचणीत त्यांना सरासरी ८.३ गुण मिळाले, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांना ६.९. पुन्हा भरती होण्याचं प्रमाण मात्र त्या चाचणीत फारसं बदललं नाही, तेही सांगते. पण सर्वांत अशक्त माणूस सुधारू शकतो, एवढं तिने दाखवून दिलं.

जागा नाही, असं व्यवस्थापन म्हणेल. सहा मिनिटांच्या चालीला ३० मीटरचा व्हरांडा, दोन शंकू, एक घड्याळ, एक खुर्ची, रक्तदाब आणि प्राणवायू मोजायची साधनं, अडचणीच्या वेळची तयारी आणि एक शिकलेलं माणूस लागतं. सगळ्यांना कायम रुग्णालयात यावं लागतं असंही नाही. ब्रिटनमध्ये २१६ रुग्णांना पुस्तिका आणि प्रशिक्षित परिचारिका-फिजिओंच्या मदतीने घरीच कार्यक्रम दिला आणि त्यांचं रोजचं जगणं सुधारलं. पोलंडमध्ये ८५० रुग्णांवर नऊ आठवड्यांचा कार्यक्रम झाला, बराचसा घरी, दूरवरून देखरेख ठेवून. मृत्यू किंवा भरतीचे दिवस त्याने घटले नाहीत, पण क्षमता वाढली आणि तो सुरक्षित ठरला. खोली लहान करा, दिवस कमी करा, यावर आपण बोलू शकतो. दार बंद करणं हा त्यावरचा उपाय नाही.

माझ्या आणि माझ्यासोबत खाली सह्या करणाऱ्या बावीस रुग्णांच्या मागण्या या आहेत.

कक्ष बंद करण्याचा निर्णय किमान एक वर्ष स्थगित करा. या वर्षात हार्ट फेल्युअरच्या प्रत्येक रुग्णाला घरी सोडताना पुनर्वसनाला पाठवायचं की नाही हे डॉक्टरांनी लिहावं, नाही म्हणायचं असेल तर कारण लिहावं. मग वर्षाअखेर प्रतिसाद मोजा. किती जणांना पाठवलं आणि त्यातले किती आले, हे दोन्ही आकडे लावा.

डिस्चार्ज कार्डवरून "विश्रांती घ्या, श्रम टाळा" हे छापील वाक्य काढून टाका. ज्याला खरोखर विश्रांती हवी त्याला ती किती दिवस, हे हाताने लिहा.

स्थिर झालेल्या प्रत्येक रुग्णाची सहा मिनिटांची चाल तीन महिन्यांच्या आत एकदा आणि पुढे वर्षातून एकदा मोजा, आणि तो आकडा इकोच्या आकड्याशेजारी कार्डावर लिहा. आम्हाला दोन्ही कळू द्या.

"पुढे काय" यावर रुग्ण आणि घरचं एक माणूस यांना समोर बसवून एकदा तरी वीस मिनिटं द्या. व्हरांड्यात उभ्याने आकडा सांगू नका.

लांबून येणाऱ्यांसाठी आणि ज्यांना आणायला-सोडायला कुणी नाही त्यांच्यासाठी घरचा कार्यक्रम सुरू करा: पहिली तपासणी इथे, वही हातात, आठवड्याला एक फोन.

आणि फिजिओची जागा रद्द करू नका. ती गेली तर यातलं एकही होणार नाही.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावं, ही विनंती. ते त्याच दारावर लावलंत तरी चालेल, तिथे आम्ही वाचतो.

एका गोष्टीला मात्र पंधरा दिवस नाहीत. त्या सोमवारी माझ्याशेजारी उभे होते त्या काकांचे छत्तीसपैकी पंचवीस दिवस झाले आहेत. पहिल्या आठवड्यात ते मुलाच्या खांद्याला धरून यायचे, आता एकटे येतात, वही आणि रुमाल घेऊन. एक तारखेला त्यांचे अजून सहा-सात दिवस उरलेले असतील. ते त्यांनी कुठे आणि कुणाच्या देखरेखीखाली पूर्ण करायचे, एवढं त्यांना येत्या सोमवारच्या आत कळवा.

आपली,
हृदयरोग विभागातील एक रुग्ण